वच्छलाबाईचं गार नाक

शेंदूरजनाघाटच्या अलीकडे, संत्र्याच्या बागा लागतात त्या वस्तीत, वच्छलाबाईच्या बाटलीतून सुटका झालेला माणूस शोधून सापडला नसता. ही बाटली तिच्या कमरेच्या बटव्यात असायची. बुटकी, काचेची, घट्ट बुचाची. आत तीन गोष्टी: भीमसेनी कापूर, ओव्याचं फूल आणि पुदिन्याचं फूल. फूल म्हणायचं, पण झाडावरचं नव्हे. अर्क काढून वाळवलेले खडे ते. पुदिन्याचे तर लांबट, चकचकीत, अगदी खडीसाखरेच्या जातीचे. तिन्ही कोरडे खडे एका बाटलीत घालायचे, बूच लावायचं, हलवायचं, की त्यांचं आपोआप पाणी होतं. वरून थेंब घालावा लागत नाही. वच्छलाबाई हा प्रयोग नव्या माणसासमोर मुद्दाम करून दाखवायची आणि पाणी झालं की त्याच्याकडे अशी बघायची, जणू तिनेच आत्ता ते त्या खड्यांना शिकवलं.

मग उपचार. डोकं दुखलं, कपाळाला लाव. पोट दुखलं, साखरेवर थेंब टाक. एसटीत मळमळलं, रुमालाला चोळ. आणि नाक चोंदलं असेल तर काही विचारायलाच नको. मान धरून बाटली थेट नाकपुडीखाली. मीटरचं रीडिंग घ्यायला आलेला एक भला माणूस दारात शिंकला, तर बाईने त्याला ओट्यावर बसवला.

"वढा आत. वढा म्हनते ना. खुललं?"

डोळ्यांतून पाणी गाळत तो म्हणाला, "खुललं जी." खुललं नाही असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं. म्हणायची सोय नव्हती, कारण मग दुसऱ्या नाकपुडीची पाळी यायची.

स्वतः ती दिवसभर ओढायची. भाकरी थापता थापता, टीव्ही बघता बघता. एक दीर्घ श्वास, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर समाधान. "कसं गारगार मोकळं होते, पहा." घरदाराला, गाईला, देवघराला, अंथरुणा-पांघरुणांना तो वास बसला होता. सून रागिणी लग्न होऊन आली तेव्हा पहिल्या आठवड्यात तिला वाटलं, घरात कोणी फार आजारी आहे.

आता नवरा. पुंजाराम. जातीचा शेतकरी, बोलायला कमी, मिशी भरघोस आणि त्या मिशीखाली एक गुपित.

पुंजाराम खर्रा खायचा. सुपारी, तंबाखू, चुना, प्लास्टिकच्या तुकड्यात घोटून घोटून काळपट केलेला तो विदर्भाचा लाडका प्रकार. गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला तेव्हा दातांच्या डॉक्टरने झापलं होतं, आणि वच्छलाबाईने त्याला देवासमोर उभा करून तिच्या डोक्यावर हात ठेवायला लावला होता. शपथ घेतली. पाळलीही, बरीच. मग एका संध्याकाळी पानठेल्यासमोर सायकल थांबली, ती त्याने थांबवली नव्हती असं तो स्वतःला आजही सांगतो.

त्या दिवशी तो चोरपावलांनी घरी आला. चूळ भरली होती, पण तंबाखूचा वास चुळीने जातो होय? वच्छलाबाई जवळ आली, ताट वाढलं, पाण्याचा तांब्या ठेवला आणि एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी पुंजारामच्या डोक्यात उजेड पडला: त्या बाटलीच्या वासापुढे हिच्या नाकात दुसरं काही शिरतच नाही.

तेव्हापासून अमरावतीला गेला की काष्ठौषधींच्या दुकानातून कापूर आणि फुलं तो न सांगता आणू लागला. बाटली अर्ध्यावर आली की नवी पुडी हजर. वच्छलाबाई गल्लीभर सांगायची, "आमच्या याईले किती काळजी हाये माही." बायका आपापल्या नवऱ्यांना पुंजारामचं उदाहरण द्यायच्या. इतका प्रेमळ नवरा त्या भागात दुसरा नव्हता आणि इतका लबाडही नव्हता.

हे असं सुखाने चाललं होतं. बासुंदीने घात केला.

दिवाळी झाली आणि रागिणीचे वडील, खुशालराव, अकोटहून लेकीला भेटायला आले. व्याही घरी येणार म्हणून वच्छलाबाईने सकाळपासून दूध आटवायला ठेवलं. बासुंदी झाली झकास. शेवटी वासाला वेलदोडे. आता वेलदोडे नुसते कुटले तर साल चिवट राहतं, म्हणून आपल्या बाया खलबत्त्यात खडीसाखरेचे दोन खडे टाकून कुटतात. वच्छलाबाईनेही टाकले. खडीसाखरेच्या डब्याशेजारी पुदिन्याच्या फुलाचा डबा होता. कुटताना नाकाला गार लागलं. पण गार तर तिच्या नाकाला बाराही महिने लागत होतं.

खुशालराव जेवायला बसले. वाटी वाफाळत होती. त्यांनी पहिला घोट घेतला आणि थांबले. बासुंदी गरम होती म्हणून त्यांनी तोंडातून फुंकर सोडली, आणि परत हवा आत घेतली तर दात शिवशिवले. तोंडात एकाच वेळी उन्हाळा आणि हिवाळा. चमचा त्यांनी वाटीत बुडवून बोटाने चाचपून पाहिला. गरमच. पुन्हा घोट घेतला. गारच.

"इवाई," ते हळूच पुंजारामला म्हणाले, "हे गरम हाये का थंड?"

पुंजारामने चाखलं आणि त्याला खोकल्याची उबळ आली. मुलगा शिवम पाणी प्यायला गेला, तर पाणी घशातून बर्फासारखं उतरलं आणि तो तिथल्या तिथे नाचला. रागिणी हसू लागली, हसताना हवा आत गेली आणि तिचेही दात शिवशिवले. मग हसणं बंद करता येईना आणि चालूही ठेवता येईना. खुशालराव मात्र गंभीरपणे दुसरी वाटी मागत होते. त्यांचं म्हणणं, सर्दीने महिनाभर बंद असलेलं नाक आज खुललं, वच्छलाबाईने ही औषधी बासुंदी अकोटच्या बाजारात विकावी. वच्छलाबाई पदर सावरत सगळ्यांकडे बघत उभी. काय झालं ते तिला अजून कळलंच नव्हतं.

तेवढ्यात रागिणीने बासुंदीच्या गंजावर वाकून वास घेतला आणि डोळे पुसत विचारलं, "आई, तुमाले वास नाई आला? गंजातून नुसती बाटली वासून राहिली."

वच्छलाबाईही वाकली. वास घेतला. पुन्हा घेतला. मग सरळ उभी राहिली, आणि तिच्या तोंडावरचं हसू कोणीतरी पुसून घ्यावं तसं गेलं.

"मले काई येत नाई," ती म्हणाली.

रागिणीने दुसऱ्याच दिवशी अमरावतीच्या नाकाच्या डॉक्टरांना फोन लावला. पुंजारामने विरोध करून पाहिला. संत्र्याला पाणी द्यायचं आहे म्हणाला, एसटीचा भरवसा नाही म्हणाला, या वयात नाकाचं काय एवढं, मी तर म्हणतो वास न आलेलाच बरा, असंही म्हणून बसला. रागिणीने त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं. त्याच्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं: वच्छलाबाई खुल्या नाकाने ताट घेऊन जवळ येते आहे.

डॉक्टर म्हणजे अदिती मॅडम, वयाने रागिणीएवढ्याच, बोलायला मोकळ्या. त्यांनी स्टीलची एक गार पट्टी वच्छलाबाईच्या नाकाखाली आडवी धरली आणि म्हणाल्या, "काकू, तोंड मिटा. नाकाने श्वास सोडा." पट्टीवर डावीकडे मसुराच्या डाळीएवढा वाफेचा ठिपका उमटला. उजवीकडे काहीच नाही.

"मॅडम, थांबा जराशा," वच्छलाबाई म्हणाली. "मायी बाटली घेऊ द्या, मंग पहा." तिने बटव्यातून बाटली काढली, दोन्ही नाकपुड्यांनी ऐटीत ओढली आणि छाती फुगवली. "आता पहा. आरपार मोकळं झालं."

डॉक्टरांनी पट्टी पुसली आणि पुन्हा धरली. डावीकडे मसुराची डाळ. उजवीकडे काहीच नाही.

वच्छलाबाईने पट्टी हातात घेऊन उलटीपालटी केली. दुसरी पट्टी मागितली. शेवटी पुंजारामच्या नाकाखाली धरून पाहिली. तिथे दोन्हीकडे ऐसपैस ढग उठले. एवढा वेळ श्वास रोखून बसला होता तो.

"काकू, नाक मोकळं झालं नाही. मोकळं झाल्यासारखं वाटलं," डॉक्टर म्हणाल्या. "आत गार-गरम ओळखणारी एक शीर असते. वारा आत गेला की तिला गार लागतं, आणि ती डोक्याला निरोप देते, हवा येते आहे. पुदिन्याचं फूल त्याच शिरेला चाळवतं. हवा आहे तेवढीच. निरोप मात्र मोठा जातो."

"म्हंजे इतके वर्स ते मले फसवून राहिली?"

"बाटलीने बरं वाटतं, ते खोटं नाही. पण आत मांस वाढलंय, ते बाटलीने हलत नाही." त्यांनी नळीच्या टोकाचा बारीक कॅमेरा आत घातला आणि पडद्यावर दाखवलं. सोललेल्या द्राक्षासारखे गोळे वाट अडवून बसले होते. "वासाची शीर वेगळी, ती पार वर असते. तिथपर्यंत हवा पोचतच नाही. वास कधीपासून येत नाही?"

वच्छलाबाई पदराची कड बोटाला गुंडाळत म्हणाली, "शिवम कालेजात होता तवापासून. हळू हळू गेला, बाटली त्याच्या मांगून आली. मले वाटलं, वय झालं. नाक तं गार लागे, खुलं लागे, मंग डॉक्टरले काय सांगू? फोडनी मी डोयानं पाहते. भाजी जळाले लागली का आवाज बदलते तिचा." मग ती म्हणाली, "बागेत संत्र्याले फूल येते तवा हे मले म्हनते, काय वास सुटला. मीबी म्हनते, हो जी, काय वास सुटला."

पुंजारामने मान खाली घातली. दरवर्षी बहर आला की ती त्याच्या शेजारी बांधावर उभी राहून हे म्हणायची, हे त्याला चांगलं आठवत होतं. तिचं नाक बंद होतं तेव्हा तो खुशीत पुड्या आणत होता. लाज वाटली त्याला, चांगली सणसणीत. एसटीत बसल्यावर त्याने मनाशी ठरवलं की खर्रा सुटला. दुसऱ्या दिवशी पानठेल्याकडे पाठ करून गेला आणि येताना तोंड करून आला.

इकडे वच्छलाबाईने घरी येताच फ्रीजमधून गार स्टीलची ताटली काढून सगळ्यांची नाकं तपासली. मग शेजाऱ्यांची. वाऱ्यासारखी बातमी पसरली आणि वस्तीत जो तो ताटलीवर फुसफुसू लागला. पहिल्याच दिवशी हाहाकार उडाला, कारण बहुतेकांचा एका बाजूचा ठिपका मोठा निघाला आणि दुसरा बारका. उजवी बंद असणाऱ्यांनी डावी बंद असणाऱ्यांना धीर दिला. संध्याकाळी पुन्हा पाहिलं, तर बाजू बदललेल्या. सकाळी उजवीसाठी नवस बोललेल्या शेजारच्या आशाबाईला आता तो डावीवर फिरवायचा कसा, हे कोणाला सांगता येईना. अकोटहून खुशालरावांचा फोन आला: "इवाई, सकायी डावी चालू होती, आता उजवी चालू हाये. हे दोघं पाळीनं ड्युटी करून राहिले का?" रागिणीने डॉक्टरांना विचारलं. त्या फोनवर पोट धरून हसल्या आणि म्हणाल्या, चांगल्या नाकाचंही असंच असतं, नाकपुड्या आलटून पालटून विसावा घेतात. ताटल्या धुऊन फडताळात ठेवा.

ऑपरेशन हिवाळ्यात झालं. नाकातल्या पट्ट्या काढल्या, फवारा दिला, आणि ती बाटली आता नको, अशी डॉक्टरांनी ताकीद दिली. रागिणीने बाटली सासऱ्याच्या हातात ठेवली. "बाबा, हे बांधाच्या पलीकडे फेकून द्या." पुंजारामने ती बंडीच्या खिशात टाकली. फेकली नाही. एवढा जुना आसरा कोण फेकतो?

वास लगेच आला नाही. वच्छलाबाई रोज सकाळी हिंगाची डबी उघडून हुंगायची आणि बंद करून ठेवायची. श्वास आता खरोखरच आरपार जात होता, ताटलीवर दोन ढग उमटत होते, पण गार काही लागत नव्हतं, त्यामुळे तिला नाक असल्यासारखंच वाटेना. "बंद होतं तवा खुलं वाटे, आता खुलं हाये तं काईच वाटत नाई," ती म्हणायची. पुंजाराम तिला धीर द्यायचा. येईल, म्हणायचा. आणि मनापासून म्हणायचा, हे त्याचं त्यालाच नवल वाटायचं. संध्याकाळी मात्र पानठेला होताच.

हिवाळा सरता सरता संत्र्याचा आंबिया बहर फुलला. बागेत पांढरी कळी उमलली होती आणि पुंजाराम झाडाखाली, गालात ताजा खर्रा धरून, निवांत पाटाचं पाणी वळवत होता. तेव्हा घराच्या बाजूने ओरडा ऐकू आला. त्याला वाटलं साप निघाला.

साप नव्हता. रागिणीने मेथीची फोडणी टाकली होती आणि वच्छलाबाई शिंकली होती, आणि शिंकेपाठोपाठ सगळं घर तिच्या नाकात शिरलं होतं. ती सुटली होती. लसूण, सांडगे, ओली गोधडी, सुनेच्या केसांचं तेल, गोठ्यातलं शेण, तेही थांबून, डोळे मिटून. गाईच्या कपाळाला नाक लावलं. शिवमचे मोजे उचलले आणि "माय माय माय" करत फेकले आणि परत जाऊन एकदा हुंगून आली. रागिणी मागे, शिवम मागे, आणि ती पदर खोचून बागेकडे पळत येत होती, साठीची बाई, हातात कोथिंबिरीची जुडी.

पुंजारामने खर्रा थुंकला. पाटाच्या पाण्याने चूळ भरली, एकदा, दोनदा. खिशातून बाटली काढली, बूच उपटलं आणि मिशीला चोळलं, मानेला चोळलं, उरलेलं खांद्यावरच्या दुपट्ट्यावर ओतलं. मग फावडं धरून साळसूद उभा राहिला. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

वच्छलाबाई झाडांच्या ओळीत शिरली आणि तिथेच थांबली. तोंड वर करून नुसता श्वास घेत राहिली. पुंजारामने तिला असं कधी पाहिलं नव्हतं, लग्नातही नाही.

"शिवमचे बाबा," ती हळूच म्हणाली, "काय वास सुटला."

मग ती जवळ आली. अजून जवळ आली. तिचं नाक आक्रसलं.

"हे काय घाणेरडं वासून राहिलं?"

पुंजारामने रिकामी बाटली पुढे केली. वच्छलाबाईने ती नाकाला लावली आणि झटक्यात दूर केली. "हे? हे मायी बाटली हाये?"

"तुयीच."

आपल्या बाटलीचा वास तिने इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा घेतला होता. तिला फक्त गारवा ठाऊक होता. ती बाटलीकडे बघत राहिली, मग तिला तो मीटरवाला आठवला असावा, कारण तिला हसू फुटलं, आणि ते वाढत वाढत ती ओल्या मातीत खाली बसली. हसता हसता एकदम थांबली.

"अन् ह्या वासात तुमी झोपले? इतके वर्स? मायाजवळ?"

"झोपलो."

"बोलले काहून नाई?"

"तुले बरं वाटत होतं म्हनून," पुंजाराम म्हणाला. अर्धं खरं होतं ते. पण तिचे डोळे भरून आले, आणि त्याला उरलेलं अर्धं आतल्या आत टोचू लागलं. ती उठली, त्याच्या दुपट्ट्यात तोंड खुपसून उभी राहिली. बराच वेळ. मग त्याच्या लक्षात आलं की ती रडत नाहीये, वास घेते आहे. एक लांब, आणि त्यावर दोन तीन आखूड.

"हे वरचं बाटलीचं," ती दुपट्ट्यातूनच म्हणाली. "मंधात फुलाचं. अन् त्याच्या खाली खर्रा हाये."

शिवम आणि रागिणी दोन झाडं मागे उभे होते. पुंजारामने खिशातून पुडी काढून तिच्या हातात दिली. वच्छलाबाई भांडली नाही. रडली नाही, शपथ घातली नाही. तिने पुडी पाटात सोडली, त्याच्या दुपट्ट्याचं टोक दोन बोटांनी धरलं आणि म्हणाली, "आजपासून रोज संध्याकाळी ओट्यावर यायचं. मी वास घीन."

आणि ती घेते. दिवेलागणीला पुंजाराम ओट्यावर मान तिरपी करून उभा राहतो, आणि ती मिशीपासून कानापर्यंत सावकाश, काहीही न वगळता, त्याचा वास घेते. येणारे जाणारे हसतात. पहिले काही दिवस तो भीतीने वेळेवर यायचा. आता पानठेल्यावाला हाक मारतो, बस म्हणतो, अजून ऊन आहे म्हणतो. पुंजाराम सायकलवरून न उतरता सांगतो, "नाई बाप्पा, घरी वाट पाहून राहिली."